मोडक्या टोकाचा हूक

पुस्तकाच्या प्रकाशनाचं बोलावणं आलं तेव्हा आक्काने एकच गोष्ट विचारली, हाणामारी होणार आहे का. भाचीने हात जोडून सांगितलं की होणार नाही, होऊ द्यायची नाही, म्हणूनच तर तुला पहिल्या रांगेत बसवायचंय. आक्काने ऐरणीवरचा लालभडक हूक सांडशीने उलटा केला, त्याच्यावर दोन घाव घातले आणि बघू म्हणाली. तिच्या तोंडून ‘बघू’ निघालं म्हणजे ती येणार, हे भाचीला लहानपणापासून ठाऊक होतं.

मालधक्क्यावर आक्काला ओळखत नाही असा माणूस शोधून सापडायचा नाही. लोहाराची बायको म्हणून ती इथे आली. आईबाप आधीच गेलेले, त्यामुळे पाठचा भाऊही बरोबर आला. नवरा स्वभावाने मऊ आणि छातीने अधू. थोड्याच वर्षांत घण त्याच्या हातून तिच्या हातात आला आणि मग तिथेच राहिला. हमालांचे हूक बनवणं, वाकलेले सरळ करणं, बोथटलेल्यांना टोक काढणं हा तिचा धंदा. हात असे खरबरीत की तान्ह्या पोराच्या गालाला लावायची तिची तिलाच भीती वाटे. राग कायम नाकाच्या शेंड्यावर. एकदा एक कोळसेवाला म्हणाला, बाईमाणसाला वजनातलं काय कळतं. तिने त्याला गचांडी धरून भट्टीशेजारच्या पाण्याच्या कुंडीत डोक्यासकट बुडवलं, वर काढलं आणि विचारलं, आता सांग, किती भरलास. चौकशीला आलेल्या एका हवालदाराची दाढही तिने हलवली होती, आणि त्याने ती गोष्ट वरपर्यंत नेली नाही, कारण नेऊन सांगणार काय.

धक्क्यावर दोन शेड होत्या, वरची आणि खालची. प्रत्येक शेडची आपली टोळी, आपला मुकादम, आपला चहाचा ठेला आणि दुसऱ्या टोळीसाठी राखून ठेवलेल्या आपल्या खास शिव्या. हमालाचा हूक म्हणजे आडव्या लाकडी मुठीतून निघालेला वाकडा गज. तो पोत्यात रुतवायचा आणि ओढायचं. घर असो, ठेला असो की सभेचा हॉल असो, आत शिरताना हूक दाराशी खिळ्याला अडकवायचा असा रिवाज होता, कारण ज्याने पोतं फाटतं त्याने माणूसही फाटतो. आणि दुसऱ्याच्या हुकाला हात लावायचा नाही. लावलास तर तू त्याला बाहेर बोलावलंस, मग कारण काहीही असो. मालक मेला की त्याचा हूक आक्काच्या भट्टीवर येई. ती तो तापवून, ठोकून त्याचा खिळा करी आणि तो खिळा त्याच्या शेडच्या दाराला जाई. असे जिवंत माणसांचे हूक मेलेल्यांच्या हुकांवर टांगलेले असत.

आक्काच्या भावाच्या हुकाचा मात्र खिळा झाला नव्हता. तो भट्टीमागच्या भिंतीवर तसाच लटकत होता, काजळीने इतका काळा झालेला की मुठीवरचं कोरीवकामही दिसत नसे.

भाऊ खालच्या शेडचा हमाल. एकदा मैद्याने भरलेली वॅगन लागली आणि ती कुणी रिकामी करायची यावरून दोन्ही टोळ्या एकमेकांवर धावल्या. आधी शिव्या, मग लाथाबुक्क्या, मग हूक. पोती टराटरा फाटली. शेडच्या आत मैद्याचा असा धुरळा उठला की स्वतःचा हात दिसेना, आणि त्या पांढऱ्या अंधारात माणसं माणसांना ओरबाडत राहिली. एकाचा कान गेला, एकाच्या पोटाचं आतलं बाहेर आलं. धुरळा बसला तेव्हा आक्काचा भाऊ फाटक्या पोत्यांवर पालथा पडला होता, पाठीत मोठं भोक, आणि त्याच्याभोवती मैद्याचा लाल चिखल झालेला. त्याची बायको तेव्हा पोटुशी होती.

प्रेत आक्कानेच धुतलं. बरगडीपाशी तिच्या अंगठ्याला काहीतरी टोचलं. तिने ते ओढून काढलं तर हुकाचं तुटलेलं टोक निघालं, हाडात अडकून मोडलेलं. ते तिने मुठीत धरलं, घरी आली, भट्टीतला तापलेला गज सांडशीत पकडला आणि तशीच वरच्या शेडवर गेली. दारात वरच्या मुकादमाचा पोरगा उभा होता. कुणी मारलं ते सांग म्हणाली. तो म्हणाला, मला माहीत नाही, मी नव्हतो. तिने गज त्याच्या गालावर टेकवला आणि पुन्हा विचारलं. मांस जळल्याचा वास आला, पोरगा गुरासारखा ओरडला, पण उत्तर तेच. तेव्हापासून त्याचं नाव डागल्या पडलं आणि त्याच्या दोन्ही नातवंडांनाही शाळेत डागल्याची म्हणूनच हाक मारतात.

पुढे खालच्यांनी वरच्या मुकादमाचे गुडघे फोडले. वरच्यांनी खालच्या शेडला काडी लावली. पोलीस आले, काहीजण आत गेले, बाहेर आले. कुणी तोंड उघडलं नाही, आणि खरं सांगायचं तर उघडण्यासारखं कुणाच्या तोंडात काही नव्हतंच.

आक्काने मनाशी एक ठरवलं. टोक मोडलेला हूक आज ना उद्या भट्टीवर येणार. धक्क्यावर दुसरा लोहार नव्हता. म्हणून दंगलीनंतर नाकारलेले वरच्यांचे हूकही ती पुन्हा घ्यायला लागली. खालच्यांनी तिच्या तोंडावर थुंकून पाहिलं, भावाच्या रक्ताची बोली लावली म्हणाले. तिने थुंकी पुसली आणि थुंकणाऱ्याचं बोट मोडलं. दोन्ही शेडचे हूक एकाच आडव्या गजावर शेजारी शेजारी लटकायला लागले. अख्ख्या धक्क्यावर असं दृश्य फक्त तिच्या भट्टीत दिसे. येणाऱ्या प्रत्येक हुकाच्या टोकावरून ती अंगठा फिरवी. लोकांना वाटे धार बघते. भावाच्या पाठीतून निघालेलं टोक तपकिरीच्या जुन्या डबीत तिच्या कमरेला असे, आणि ज्याचं हे टोक त्याच्या पाठीत घालायचं, एवढ्या एका कामासाठी ती जगत होती. हे ती चारचौघांत सांगायची. लपवाछपवी तिच्या स्वभावात नव्हती.

भट्टीवर तिच्याबरोबर दुसरं माणूस होतं ते भात्या. भात्या हा भावाचा जिवाभावाचा दोस्त, त्याच शेडचा हमाल. दोघांनी एका मोडक्या बैलगाडीचा कणा कापून आपापल्या हुकांच्या मुठी केल्या होत्या, आणि दोन्हींवर भावाने चाकूने एकच नक्षी कोरली होती, एक वेडावाकडा मासा. भाऊ गेल्यावर काही दिवसांनी भात्या भट्टीवर आला, खोकणाऱ्या लोहाराच्या हातून भाता फुंकायची दोरी घेतली आणि ओढायला लागला, भात्या हे नाव पडलं ते तेव्हाच. हूक दंगलीत हरवला म्हणाला. पुन्हा शेडवर गेला नाही, आणि बोलणंही जवळजवळ सोडलंच. आक्का त्याला उठताबसता शिव्या घाली, कोळसा अंगावर फेकी, एकदा तर सांडशी मारून त्याचं कपाळ फोडलं. तो रक्त पुसून दोरी ओढत राही. लोहार मेला, आक्काचे केस पिकले, भात्याच्या घरात सून आली, तरी तो येतच राहिला. आक्काला त्याच्याइतकं जवळचं माणूस जगात दुसरं नव्हतं, आणि हे तिने त्याला कधी सांगितलं नाही.

भावाची मुलगी बाप गेल्यावर जन्मली. आईने दुसरं लग्न केलं आणि पोर आक्काच्या पदरात पडली. भट्टीच्या धुरात, शिव्यांच्या पावसात ती वाढली, शिकली, शाळेत मास्तरीण झाली. बापाचा चेहरा माहीत नाही म्हणून असेल, ती धक्क्यावरच्या म्हाताऱ्यांना विचारत सुटली. त्यातून मालधक्क्याचा इतिहास तयार झाला, चांगला जाडजूड. त्यातल्या मैद्याच्या दिवसाच्या प्रकरणाचं शेवटचं वाक्य होतं, मारणारा कोण ते आजवर कळलेलं नाही. आक्काने ते वाक्य तिच्याकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतलं. मग म्हणाली, वाक्य बरोबर आहे, पण ‘आजवर’ला काही भरवसा नाही.

मास्तरणीला वाटत होतं की आता सगळं निवलंय. धक्क्यावर यंत्रं आली होती, हमालांची नातवंडं ती यंत्रं चालवत होती, हूक माळ्यावर गेले होते. म्हणून तिने प्रकाशनाला दोन्ही शेडना बोलावलं. पुस्तकं पोत्यात भरून तोंड सुतळीने शिवायचं आणि पाहुण्यांनी हुकाने ते पोतं फाडायचं, अशी तिची कल्पना. आणि मंचावर एक मोठी फळी, तिच्यावर धक्क्यावरचे जुने हूक. ते गोळा करायला ती भर दुपारी घरोघर हिंडली. म्हातारे बाहेर, घरी सुना. सुनांनी माळे उपसले आणि गंज पुसून हूक काढून दिले. ज्यांचे होते त्यांना कुणी विचारलं नाही. तिने ते सगळे हूक फळीवर लावले, वरच्या शेडचा, खालच्या शेडचा, पुन्हा वरचा, कसेही. धक्क्यावरच्या दुसऱ्या कुठल्याही पोरीने ही चूक केली नसती. पण ही वाढली होती आक्काच्या भट्टीत, हूक असेच लटकतात हेच तिने जन्मभर पाहिलेलं.

हॉल भरला. वरचे उजवीकडे, खालचे डावीकडे, मधली वाट मोकळी. पहिल्या रांगेत आक्का धुवट लुगड्यात, पाय फाकवून बसलेली. तिच्यासाठी उशी घेऊन भात्या येत होता. फळीकडे नजर गेली आणि तो वाटेतच थांबला. उशी हातातून पडली. आक्काने त्याला हाक मारली, मेल्या, ती उशी काय जमिनीला देतोस का, पण तो हलला नाही. म्हातारपण, असं म्हणून तिने स्वतःच उठून उशी घेतली.

प्रमुख पाहुणे म्हणजे धक्क्याचे निवृत्त साहेब. ते इतिहासाचं महत्त्व सांगायला उभे राहिले आणि महत्त्वापर्यंत पोचायच्या आतच वरच्या शेडचा एक जवान पोरगा मंचावर चढला. त्याच्या आजोबाचा हूक खालच्या शेडच्या एका हुकाच्या खाली लागला होता. आमचा वर पाहिजे म्हणाला, आणि जागा करायला त्याने खालच्यांचा हूक खिळ्यावरून उचलला.

मग कोण विचारतं. खालच्यांची अख्खी रांग उठली. पहिल्याने त्या जवानाच्या तोंडात माइकचा दांडका मारला, दात मंचावर घरंगळत गेले. खुर्च्या उडाल्या. एकाने दुसऱ्याचं डोकं भिंतीवर आपटलं, पुन्हा आपटलं, आणि भिंतीच्या नव्या रंगावर लाल ओघळ उतरले. साहेब मागच्या दाराने असे निसटले की त्यांची चप्पलच तेवढी भाषणाला उरली. मास्तरीण हात पसरून मध्ये गेली तर कुणाचं तरी कोपर लागून तिचा ओठ फुटला. ते रक्त आक्काने पाहिलं आणि ती उठली.

वय झालं होतं, पण घण मारणारा हात तो. तिने पहिल्याला कानाखाली वाजवली तो तिथेच बसला. दुसऱ्याचे केस धरून त्याचं तोंड टेबलावर आपटलं. तिसऱ्याने तिच्यावर खुर्ची उगारली, पण आपण कुणावर उगारतोय हे लक्षात आल्यावर ती स्वतःच्याच पायावर पाडून घेतली. या गोंधळात फळी कलंडली आणि सगळे हूक खणाखण मंचावर सांडले. तो आवाज ऐकून माणसं जरा मागे सरली, आणि आक्का सवयीने खाली वाकून हूक गोळा करायला लागली. एकेक उचलायचा, टोकावरून अंगठा फिरवायचा, बाजूला ठेवायचा.

एका हुकाला टोक नव्हतं.

अंगठा तिथेच राहिला. मग तिने हूक उलटा केला. मुठीवर चाकूने कोरलेला वेडावाकडा मासा होता. असला मासा जगात दोनच मुठींवर होता, आणि दुसरी तिच्या भट्टीच्या भिंतीवर लटकत होती. तिने कमरेची डबी काढली, त्यातलं टोक काढलं आणि हुकाला लावलं. ते बसलं. मधे केसाचीही फट राहिली नाही.

हॉलमध्ये आता कण्हण्याशिवाय आवाज नव्हता. आक्काने टोक पुन्हा डबीत ठेवलं आणि हूक वर धरला.

“हा कुणाच्या घरून आला?”

मागच्या रांगेतून भात्याच्या सुनेने हात वर केला. बिचारीला वाटलं काही बक्षीस आहे. “आमचा आहे, आक्का. आमच्या सासऱ्यांचा. माळ्यावर फडक्यात गुंडाळून ठेवला होता.”

ज्या हाताला ती जन्मभर शोधत होती तो रोज सकाळी तिच्या भट्टीत येत होता, तिचे निखारे फुलवत होता, त्याच निखाऱ्यांवर ती त्याच्यासाठी घाव तयार ठेवत होती. वरच्या शेडला तिने दिलेल्या सगळ्या शिव्या, फुटलेले गुडघे, जळलेला गाल, सगळं एकदम तिच्या डोळ्यांपुढे आलं. आणि तिला रागच आला. तिला दुसरं काही येतच नसे.

भात्या मधल्या वाटेने सावकाश पुढे आला. मंचावर चढला. तिच्या डोळ्यात त्याने बघितलं नाही.

“मैद्यात सगळे पांढरे होते, आक्का,” तो म्हणाला. “मला वाटलं वरचा आहे. टोक मोडलं तेव्हा त्याने मान वळवली.”

एवढं बोलून त्याने तिच्याकडे पाठ केली आणि हमाल पोतं घ्यायला वाकतो तसा गुडघ्यांवर हात टेकून वाकला.

आक्काने मारला. दया नाही, विचार नाही. तिने सगळं बळ एकवटून तो बोथट हूक त्याच्या खांद्यामागे घातला. टोक नसलं तरी बळ होतं, कातडं फाटलं, मांस फाटलं, हूक आत रुतला. भात्या एका गुडघ्यावर कोसळला पण तोंडातून आवाज काढला नाही. तिने हूक हिसडा मारून बाहेर ओढला, रक्ताची चिळकांडी तिच्या लुगड्यावर उडाली, आणि तिने पुन्हा हात उगारला. या वेळी मानेवर.

तो खाली यायच्या आत मास्तरणीने हुकाचा वाकडा गज उघड्या हाताने धरला. तिचा तळवा चिरला, तरी तिने सोडला नाही.

“आत्या, बाप माझा होता,” ती म्हणाली. ओठ सुजल्याने शब्द जड येत होते. “दुसरा घाव माझा आहे. तो मी मारत नाही.”

आक्का तिच्याकडे बघत राहिली. भावाचे डोळे कसे होते ते ती विसरली होती, आता आठवले. तिची मूठ सैल झाली, पण हूक तिने टाकला नाही.

तेवढ्यात उजवीकडच्या रांगेतून डागल्या उठला. म्हातारा झाला होता, काठी टेकत होता, आणि एका गालावर हाताच्या पंजाएवढा चकचकीत वण. “आणि माझं काय?” तो म्हणाला. “मी तेव्हाच सांगितलं होतं, मी नव्हतो. तू विचारत राहिलीस आणि दाबत राहिलीस. माझ्या बापाचे गुडघे गेले. नातवंडांना माझं नाव लागलं. ते कुणाकडून घ्यायचं?”

आक्का मंचावरून उतरली. तिने कुणाचा आधार घेतला नाही. डागल्यापुढे जाऊन तिने रक्ताळलेला हूक त्याच्या हातात दिला, वळली आणि त्याच्यापुढे पाठ वाकवून उभी राहिली, भात्या वाकला होता तशीच. हॉलमध्ये काहीजणांनी डोळे मिटून घेतले.

डागल्याने त्या पाठीवरून हूक न टेकवता नजर फिरवली. “नुसती हाडं आहेत,” तो म्हणाला. “आणखी एक टोक मोडेल.” त्याने तिला खांद्याला धरून आपल्याकडे वळवलं आणि तिच्या गालावर, त्याचा स्वतःचा जळलेला होता त्याच बाजूला, सणसणीत थप्पड मारली. आक्का भेलकांडली, खुर्चीला धरून उभी राहिली, तोंडातलं रक्त गिळलं. जन्मात तिला कुणी मारलं नव्हतं. बापाने नाही, नवऱ्याने तर नाहीच. तिने मान हलवली, बरोबर आहे म्हणाली.

मग डागल्या काठी टेकत मंचावर चढला आणि पोत्याला हूक लावला. टोक नसलेला हूक सुतळीवरून नुसताच घसरत होता. त्याने साहेबांच्या आईवरून एक शिवी हासडली आणि हूक दोन्ही हातांनी धरून ओढला. पोतं फाटलं, पुस्तकं सांडली, वरच्या दोन-तीन प्रतींवर रक्ताचे डाग पडले. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. मास्तरणीने चिरलेल्या हाताला रुमाल बांधला आणि दुसऱ्या हाताने पुस्तकं वाटायला सुरुवात केली, आधी वरच्यांना, मग खालच्यांना, मग तिथेच सांडलेल्या दातांजवळ बसलेल्या त्या जवानाला. भात्याला त्याची सून आणि दोघे वरच्या शेडचे लोक धरून दवाखान्यात घेऊन गेले. असं ते प्रकाशन झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्का भट्टीवर आली ती सुजलेला गाल घेऊन. भिंतीवरचा भावाचा हूक तिने काढला, हॉलमधून आणलेल्या मोडक्या हुकाशेजारी ठेवला, दोन्ही मुठी उपटून बाजूला ठेवल्या, मोडका हूक, भावाचा हूक आणि डबीतलं टोक तिन्ही कोळशांवर ठेवलं. मागे चाहूल लागली. भात्या दारात उभा होता, उजवा हात गळ्यात बांधलेला. रोज आपल्या घरासारखा आत शिरणारा माणूस आज उंबऱ्याबाहेर थांबला होता, वहाणा काढून. मास्तरीण कोपऱ्यात बसली होती. तिने त्याच्याकडे बघितलं आणि नजर दुसरीकडे वळवली. उठून मात्र गेली नाही.

आक्काला त्याला दोन्ही हातांनी उचलून निखाऱ्यात टाकावंसं वाटलं. आणि हा आला नसता तर आपण त्याच्या घरी जाऊन त्याला फरफटत आणलं असतं, हेही तिला कळत होतं. दोन्ही एकाच वेळी खरं होतं आणि त्याचं काय करायचं ते तिला कुणी शिकवलं नव्हतं.

“तोंड काय बघतोस?” ती म्हणाली. “डाव्या हाताने ओढ.”

तो आत आला आणि ओढायला लागला. भाता घरघरला, कोळसे लाल झाले, मग पांढरे. आक्काने दोन्ही हूक एकमेकांवर ठेवून घण घातला. लोखंड एकजीव होईपर्यंत घालत राहिली, त्यात ते टोकही कुठेतरी गेलं. दोन माणसांचा मिळून एकच खिळा निघत होता, जरा जाडच, आणि त्यातलं एक माणूस अजून जिवंत होतं, पण हे बोलून दाखवायची हिंमत कुणी केली नाही. खिळ्याला आकार येत होता तेव्हा आक्काच्या हातातला घण थांबला आणि ती रडायला लागली. भाऊ गेला तेव्हाही रडली नव्हती ती आता मोठ्याने, पोर रडतं तशी, तोंड उघडं टाकून रडली. भात्याने भाता थांबवला नाही. उलट जखमेतून रक्त यायला लागलं तरी जोरात ओढत राहिला, कारण भाता थांबला असता तर तिचा आवाज गल्लीभर ऐकू गेला असता.